केसभर कमी

वॉल्टर ह्रुस्का हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. हेलनला जाऊन नऊ वर्षं झाली, पण जाताना नवरा माझ्या गळ्यात बांधून गेली. समोरच्याच घरात राहतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची खिडकी दिसते, आणि तिचे दोन्ही पडदे अगदी सारखे ओढलेले दिसतात. तो बाहेर गेला असताना मी एकदा जाऊन मापून आले होते. सारखेच होते. या माणसाबरोबर माझ्या बहिणीनं एकोणतीस वर्षं कशी काढली, देव जाणे.

वॉली सतराव्या वर्षी कागदाच्या गिरणीत लागला आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच होता. कटाईखात्यात. मोठमोठे कागदाचे गठ्ठे पात्याखाली घालायचे, कडा जुळवायच्या आणि कापायचे. अडतीस वर्षं हेच काम करून तो दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झाला. आमच्या गावात ही साधी गोष्ट नाही. पण ते पातं त्याच्या डोक्यातच बसलं बघा. पावाचा तुकडा वाकडा कापला गेला तर तो खाणार नाही, आधी सरळ करणार. चर्चमध्ये प्रार्थनेचे कागद हातात आले की गुडघ्यावर ठोकून त्यांच्या कडा जुळवणार. हेलनच्या शवपेटीवरची फुलंसुद्धा त्यानं सरळ केली होती. मला तेव्हा इतका राग आला होता म्हणून सांगू! मग एकच फूल तो पुन्हापुन्हा सरळ करत राहिलेला दिसला आणि माझा राग गेला.

त्यांना मूलबाळ झालं नाही. वॉलीला नाद एकच, बेसबॉलची कार्डं. लग्न झालेला, मिशीवाला माणूस, पण कोपऱ्यावरच्या दुकानात पोरांच्या रांगेत उभा राहून च्युइंग गमची पाकिटं घ्यायचा. गम पोरांना वाटून टाकायचा आणि आतलं कार्ड खिशात घालायचा. लोक हसायचे. हेलन म्हणायची, "दुसऱ्या बायकांचे नवरे दारू पितात गं, ऑल्गा. माझा कार्डं घेतो. घेऊ दे."

महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या शनिवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये कार्डवाले जमतात. तिथलं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. कॉफी, कोबीत गुंडाळलेलं मटण आणि अक्रोडाची पोळी, एवढं मी करते आणि उरलेला वेळ खिडकीतून या शहाण्यांचा तमाशा बघते. पन्नाशी-साठी उलटलेली माणसं, पण "हे माझ्याकडे डबल आहे, हे मला हवंय" अशी भांडतात की शाळा सुटल्यासारखं वाटतं.

त्यांचे नियम मात्र कडक. दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही. मालकानं दोन बोटांनी तुमच्याकडे सरकवलं तरच उचलायचं. पसंत पडलं तर तुम्ही तुमचं सरकवायचं. मग हात मिळवायचा. हात मिळाला की संपलं. घराला आग लागली तरी कार्ड परत मागायचं नाही. आणि फुकट कोणी कोणाला काही द्यायचं नाही. फुकट दिलं तर समोरचा रागावतो, मला भिकारी समजलास का म्हणून. घेणं आणि देणं दोन्ही झालं पाहिजे, मग ते कितीही कमीजास्त असो.

आणि एक पाप होतं. कार्डाची कड कापणं.

जुन्या कार्डांच्या कडा झिजतात, कोपरे गोल होतात. काही भामटे काय करतात, कड जराशी कापून काढतात. कार्ड नव्यासारखं दिसतं आणि दुप्पट मोलाला जातं. डोळ्यांना कळत नाही, पण वॉलीच्या अंगठ्याला कळायचं. कार्ड हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे." किंवा म्हणायचा, "कापलंय." पुढे कोणी वाद घालायचं नाही. आजूबाजूच्या तीन गावांतून माणसं त्याच्याकडे कार्डं दाखवायला यायची. त्या हॉलमध्ये वॉली न्यायाधीश होता. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मलाही त्याचा रुबाब वाटायचा. माझ्या बहिणीचा नवरा ना तो.

सहा वर्षांपूर्वी डेल क्राउस नावाच्या माणसाचं एक कार्ड त्यानं असंच हातात घेतलं. डेल दुसऱ्या गावचा, छपरं दुरुस्त करणारा, अबोल. चांगलं मोलाचं कार्ड होतं ते. वॉलीनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कापलंय."  डेल काहीतरी बोलायला लागला, पण एकेकानं पाठ फिरवली, कोणी पेटी बंद केली, कोणी माझ्याकडे कॉफी मागायला आलं. डेल उभ्या उभ्या लालबुंद झाला, कार्ड खिशात घातलं आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. मीही तेव्हा म्हणाले होते, बरं झालं, चोर गेला.

आता लोरेनचं सांगते. लोरेन तेदेस्को. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं. आवाज असा की बसमधलं शेवटच्या बाकावरचं पोर, तिनं आरशात न बघताही, गप्प व्हायचं. कार्डवाल्यांत बाई ती एकटीच, पण तिच्यापुढे सगळे गडी मांजर. तिच्याकडे छप्पन्न सालचा मोठा संच होता, पहिल्या नंबरापासून शेवटापर्यंत, फक्त एक जागा रिकामी. दोनशे सत्त्याऐंशी नंबर. रॉय स्टंफ नावाचा कोणीतरी राखीव कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा गडी, जो सगळं आयुष्य बाकावर बसून काढून घरी गेला असेल. असल्यांची कार्डं कोणी जपून ठेवत नाही, त्यामुळे ती मिळतच नाहीत. हॉलमध्ये ते एकट्या वॉलीकडे होतं.

आणि लोरेनकडे वॉलीचा जीव होता. जो पेट्रिला. आमच्या नदीकाठच्या गल्लीतला मुलगा. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत तो चेंडू फेकायचा आणि वॉली झेलायचा. दोघं दहा-दहा वर्षांचे असल्यापासून. जो पेट्रिला मोठ्या संघात गेला, एक उन्हाळा खेळला, खांदा गेला आणि परत आला. त्याचं एकच कार्ड निघालं, आणि ते निघालं त्या वर्षी वॉली सैन्यात, कोरियात. तो परत येईपर्यंत गावातल्या घराघरानं ते कार्ड भिंतीला टाचून, भोकं पाडून, धुरानं काळं करून संपवलं होतं. पुढे जो वारला. लोरेनकडे त्याची दोन कार्डं होती, स्वच्छ.

म्हणजे बघा, सौदा किती सोपा. पण अकरा वर्षं तो होत नव्हता. दर शनिवारी लोरेन यायची, खुर्चीत धपकन बसायची, जो पेट्रिला दोन बोटांनी वॉलीपुढे सरकवायची.

"काय म्हणतो आपला स्टंफ?"

"बरा आहे."

"त्याला सांग, लोरेनच्या घरी जागा झाडून ठेवलीय. कधी येतोस?"

"नाही देत, लोरेन."

"अरे मेल्या, तो खेळात सगळं आयुष्य बाकावर बसला, आता तुझ्या घरीही बसवून ठेवणार का?"

सगळे हसायचे. वॉलीही हसायचा, पण त्याची नजर जोच्या चेहऱ्यावर असायची. हात लावायचा नाही. मग लोरेन कार्ड परत ओढून घ्यायची. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, चिक्कू मेला. एवढं कवटाळून काय करणार आहे?

या मार्चमध्ये लोरेन काठी टेकत आली. गुडघे गेले होते. म्हणाली, मुलगी घ्यायला येतेय, महिनाअखेर अ‍ॅरिझोनाला जाणार, घर विकलं. "म्हणजे पुढचा शनिवार माझा शेवटचा. बाकी माझं काही राहिलं नाही या गावात. नवरा पुरला, घर दिलं, बस दुसऱ्याला दिली. एक जागा रिकामी राहिलीय, ती घेऊन मला तिकडं जायचं नाहीये." तिनं जोचं कार्ड सरकवलं. मग दुसरंही सरकवलं. दोन्ही. "घे, वॉली. दोन देते एकाला."

वॉलीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. तो म्हणाला, "नाही."

झालं, माझं डोकं फिरलं. हातात पुसायचं फडकं होतं, तशीच बाहेर आले. "वॉल्टर ह्रुस्का," मी म्हणाले, सगळ्यांदेखत, "कार्ड कबरीत घेऊन जाणार आहेस का? हेलन असती तर तिनं तुला घरात घेतलं नसतं! बाई चाललीय गाव सोडून, आणि तुला एक कागदाचा तुकडा सुटत नाही?"

त्यानं कार्डांची वही बंद केली, कोट घातला आणि गेला. टोपी विसरला. कॉफीचा कप जिथल्या तिथे, कान बरोबर टेबलाच्या कडेला समांतर. तो कप बघून मला आणखीनच राग आला.

मंगळवारपर्यंत राग टिकवला. मग टोपी परत द्यायच्या निमित्तानं गेले. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते म्हणून बटाटा भरलेल्या पिरोही, आमच्याकडचे उकडलेले कानवले, नेल्या. तो टेबलाशी बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बस, ऑल्गा. एक दाखवतो."

त्यानं एक साधं कार्ड ठेवलं, त्याच संचातलं, कोपरे झिजलेलं, नव्यानं कुठूनतरी मिळालेलं. त्याच्यावर स्टंफ ठेवला. डावी कड जुळवली, वर-खाली जुळवलं आणि बोट काढून घेतलं. उजवीकडे खालच्या कार्डाची पांढरी कड दिसत होती. केसाएवढी. मला चष्मा लावून खाली वाकावं लागलं.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच."

"अरे, नखाएवढंसुद्धा नाही हे!"

"डेलचं याहून कमी होतं," वॉली म्हणाला.

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. 

मग त्यानं सांगितलं. छप्पन्न साली कार्डं यायची ती वाकडी यायची. चित्राच्या एका बाजूला पांढरी कड जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि तीही तिरकी. कारखान्यात घाईघाईनं कापलेली. बाकी कोणाला ते दिसायचंही नाही. याला रात्री झोप यायची नाही. मग जेवणाच्या सुट्टीत, नमुने कापायचं एक छोटं हातानं दाबायचं पातं होतं गिरणीत, त्यावर त्यानं एकेक कार्ड धरलं आणि सरळ केलं. एकेक कार्ड, नंबरानुसार, दोन महिने. फसवायचं कोणाला? कार्डांना तेव्हा मोलच नव्हतं. त्याला फक्त ती नीट दिसायला हवी होती.

"किती कापलीस?"

"त्या संचातली सगळी."

मला आठवलं, लोक त्याची ती वही बघायला यायचे. प्लास्टिकच्या आतून बघायचे आणि म्हणायचे, काय कडा आहेत, वॉली, जशी काल छापली. आणि तो पान उलटायचा. त्या संचातलं एकही कार्ड त्यानं कधी अदलाबदलीला काढलं नव्हतं. आम्ही त्याला कंजूष म्हणत होतो.

"मग सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"कधी? डेलच्या आधी सांगायला हवं होतं. डेलनंतर कुठल्या तोंडानं सांगू? मला न्यायाधीश करून बसवलं होतं त्यांनी, आणि मी बसलो."

 मग मला एक सुचलं, आणि मी ते बोलून टाकलं. मी काही संत नाही. "हे बघ. दे तिला आणि मोकळा हो. ती अ‍ॅरिझोनाला चाललीय. कापलेलं ओळखणारा या मुलखात तू एकटाच आहेस. कळणार कोणाला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "मलाच कळणार ना," म्हणाला, आणि पिरोही पुढे ओढल्या. त्यातली एक फाटली होती, ती त्यानं आधी खाल्ली.

शेवटच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. पुढे वही आणि एक तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा. दाढी इतकी घोटलेली की हनुवटी लाल झाली होती. मी कॉफी नेऊन दिली, त्यानं ती प्यायली नाही.

लोरेन आली. मुलगी बाहेर गाडीत थांबली होती. लोरेननं सवयीनं जोचं कार्ड काढलं, मग हसून परत पिशवीत ठेवायला लागली. "जाऊ दे बाबा. आज नाही छळत तुला."

"थांब," वॉली म्हणाला. आणि उभा राहिला. हा माणूस कधी उभा राहून बोललेला मी बघितला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. "सगळ्यांनी ऐका. माझा छप्पन्नचा संच कापलेला आहे. सगळा. मीच कापलाय, गिरणीत, त्याच वर्षी. लोरेनला मी अकरा वर्षं नाही म्हणालो ते म्हणून."

कोणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला. मागच्या टेबलावरून एकजण हळूच म्हणाला, "आणि डेल?"

"डेलला काल फोन केला. हेच सांगितलं."

"काय म्हणाला?"

"ऐकून घेतलं आणि फोन ठेवला."

वॉली खाली बसला. त्यानं स्टंफ प्लास्टिकमधून काढला आणि दोन बोटांनी लोरेनपुढे सरकवला. "हे असं आहे. हवं तर बघ. नको असेल तर नको."

लोरेननं हात लावला नाही. तिचा पारा चढत गेला. "अकरा वर्षं," ती म्हणाली. तो बसमधला आवाज. "अकरा वर्षं मला वाटतंय, माझ्यातच काही खोट आहे म्हणून हा माणूस मला देत नाही. बाई आहे म्हणून. इटालियन आहे म्हणून. घरी जाऊन मी रडलेय रे, गाढवा! आणि तू कड कापली म्हणून तोंड शिवून बसला होतास? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी घेतलं असतं मी!"

"कापलेलं?"

"माझ्या संचात मी काय ठेवायचं ते तू ठरवणार?"

वॉलीची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि मला याला आयुष्यभर पिरोही पोचवाव्या लागणार. पण त्यानं तो तंबाखूचा डबा उघडला.

आत कागदाच्या पट्ट्यानं बांधलेले छोटे छोटे जुडगे होते. गिरणीत कापलेलं काहीही पट्टा न बांधता टेबलावरून हलवायचं नाही अशी शिस्त होती. कार्डांची जाड कात्रणं कचऱ्यात टाकली असती तर मुकादमाला दिसली असती, म्हणून यानं ती डब्यात घालून घरी आणली होती. पन्नास-पन्नासचे जुडगे, कार्डांच्याच क्रमानं. बत्तीस वर्षं माळ्यावर पडून होती. हेलननं दोनदा चुलीत घालायला काढली होती, ते मला माहीत होतं. मला वाटलं होतं शिवणकामाचं काहीतरी असेल.

त्यानं सहावा जुडगा घेतला, पट्टा सोडला आणि नखानं एकेक कात्रण बाजूला सारत सदतीसपर्यंत गेला. सुतासारखी ती पांढरी रेघ उचलली, श्वास रोखून, आणि स्टंफच्या उजव्या कडेला लावली.

बसली. कुठे फट दिसेना.

"हे त्याचं राहिलेलं," वॉली म्हणाला. "दोन्ही मिळून पूर्ण आहे."

लोरेन वाकून बघत होती. आम्ही सगळेच वाकलो होतो. मी फडकं घेऊन कधी त्यांच्यात येऊन उभी राहिले, मलाच कळलं नाही. ते कात्रण वर जाड होतं आणि खाली येता येता नाहीसं होत होतं.

"किती वाकडं होतं रे हे!" लोरेन म्हणाली.

"म्हणजे काय! तेच तर सांगतोय," वॉली इतक्या कळवळून म्हणाला की ती फिस्सकन हसली, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली. तिनं आपली वही उघडली, रिकाम्या खणात कार्ड सरकवलं, मग दोन नखांत धरून ते कात्रण त्याच्या शेजारी सोडलं. बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. मग जो पेट्रिला वॉलीपुढे सरकवला.

"नको. या कार्डाला तेवढं मोल नाही, लोरेन."

"फुकट देऊन मला भिकारी करतोस? हात पुढे कर."

त्यानं केला. तिनं तो नुसता मिळवला नाही, धरून ठेवला. बाहेर मुलीनं हॉर्न वाजवला तेव्हा सोडला.

हे सगळं छान झालं, पण मी काही गोडगोड सांगणारी बाई नाही. पुढचे दोन शनिवार हॉलमध्ये कोणी वॉलीला कार्ड दाखवायला आलं नाही. ज्यांनी अंगठ्याखाली कार्डं देऊन माना डोलावल्या होत्या, ती माणसं एकदम सोवळी झाली. नमस्कार करायची आणि पलीकडच्या टेबलावर बसायची. वॉली आपला येत होता, बसत होता, जोचं कार्ड पुढे ठेवून. ते चांगलंच वाकडं आहे, डावी कड जाड. मी म्हणाले, "कापायचं नाही हं." तो म्हणाला, "डबा भरलाय, जागा नाही." मी म्हणाले, येऊ नकोस काही दिवस, घरी बस. म्हणाला, "डेल घरी बसला ना सहा वर्षं." 

मे महिन्यातल्या पहिल्याच बैठकीत दार उघडलं आणि डेल क्राउस आत आला. केस पिकले होते. डांबराचे डाग पडलेली तीच पँट, किंवा तसलीच. कोणाशी बोलला नाही. सरळ वॉलीच्या टेबलाशी गेला, खिशातून कार्ड काढलं आणि दोन बोटांनी सरकवलं.

"सांग," म्हणाला.

"मी आता कोण सांगणारा, डेल?"

"तुझ्याशिवाय कोणाला कळतं? सांग."

वॉलीनं कार्ड घेतलं. डोळे मिटले. अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी खिडकीतून बघत होते. 

"कापलंय," वॉली म्हणाला.

"हो," डेल म्हणाला. "तेच आहे ते. सहा वर्षांपूर्वीचं." त्याचा आवाज अगदी शांत होता. "मी नव्हतं कापलं. मला ते असंच मिळालं होतं, मला कळलंही नव्हतं. तेच विचारायला आलो होतो मी तुझ्याकडे त्या दिवशी. पण कोणी विचारलंच नाही."

सगळा हॉल मान खाली घालून बसला होता. मीही. मीच तर म्हणाले होते, चोर गेला.

वॉलीनं कार्ड टेबलावर ठेवलं. नेहमीसारखी त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवायला बोट पुढे गेलं आणि मध्येच थांबलं. कार्ड वाकडंच राहिलं.

"कुठून मिळालं हे तुला, डेल?" त्यानं विचारलं.

डेल थोडा वेळ उभाच होता. मग त्यानं खुर्ची ओढली आणि बसला, आणि मी दोघांसाठी कॉफी घेऊन गेले.